ए भाऊ, अहो भाऊ

आमच्या वस्तीवर भांडण किती वाढलंय हे शिव्यांवरून कळत नाही. शिव्या आमच्याकडे चहाबरोबर चालतात. भांडण खरं पेटलं की माणसं एकमेकांना अहो-जाहो करायला लागतात. कालपर्यंत 'आरं येड्या' म्हणणारा माणूस आज 'तुमी आमच्या बांधावरून जाऊ नका' असं म्हणाला, की समजावं, प्रकरण आता घरात मिटण्यातलं राहिलं नाही.

मी राज्यशास्त्र शिकवते. कोल्हार आणि देवळाली प्रवरा यांच्या मध्ये, पाटाच्या कडेला आमची वस्ती आहे. चहूबाजूंनी ऊस, मध्ये दोन घरं आणि दोन घरांत मिळून एक विहीर. तिथून मी रोज स्कूटरवर कनिष्ठ महाविद्यालयात जाते. जगातल्या दोन बड्या सत्ता समोरासमोर न येता लहान देशांना एकमेकांच्या अंगावर कशा घालतात, हा धडा मी इतकी वर्षं शिकवते आहे की मुद्देच्या मुद्दे तोंडपाठ आहेत. मुलांना तो आवडत नाही. मलाही आवडत नसे. मग आमच्याच बांधावर तो धडा घडला आणि तेव्हापासून मी तो शिकवताना आवाज जरा चढतो, असं मुली म्हणतात.

आमच्या दोन घरांपैकी एक सासऱ्यांचं आणि एक त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. मी आपली सोयीसाठी त्यांना थोरले आणि धाकटे म्हणते. दोघांत वयाचं अंतर जेमतेम, त्यामुळे धाकटे मोठ्या भावाला 'भाऊ' म्हणायचे, पण एकेरीत. 'ए भाऊ, इकडं ये की', 'भाऊ, तुला डोकं हाय का न्हाई?' अशी त्यांची भाषा. दोघं ज्या विहिरीत पोहायला शिकले तीच ही विहीर. थोरले सांगायचे, 'ह्यो लहानपनी पान्यात पडला की आईला हाक मारत न्हवता. भाऊऽऽ म्हनून बोंब ठोकायचा. मी कुठं का आसंना, पळत यायचो.'

दोन शेतांच्या मध्ये बांध. बांधावरून दरवर्षी भांडण व्हायचं. नांगरट झाली की एकाला वाटायचं दुसऱ्यानं बांध कोरला. मग दोघं बांधावर उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. पिढ्या एकच असल्यामुळे ते काम लवकर उरकायचं. मग एकजण म्हणायचा, 'च्या पेतो का?' संपलं भांडण. हत्यारं नव्हती, पैसा नव्हता आणि पाठीशी कुणी नव्हतं, म्हणून युद्ध नव्हतं. हे वाक्य मी पुढे वर्गात वापरलं.

दोघांनाही जगाच्या राजकारणाची भारी आवड. संध्याकाळी आमच्या पडवीतल्या टीव्हीवर बातम्या लागायच्या आणि कुठल्या तरी देशावर बाँब पडत असायचे. निवेदक स्वतःवरच बाँब पडल्यासारखा ओरडायचा. धाकटे बांध ओलांडून यायचे, थोरले बाज सरकवून जागा द्यायचे आणि दोघं मिळून युरोप, इराण, तैवान सगळं मिटवायचे. थोरले म्हणायचे, 'आरं, त्या बारक्या देशाला कळत न्हाई का? मागचा मोठा फकस्त टाळ्या वाजवायला आसतो. मार खायला ह्योच पुढं.' धाकटे मान डोलवायचे. 'व्हय भाऊ. आयजीच्या जिवावर बायजी उदार.' मला त्यांचं कौतुक वाटायचं. शिकलेली माणसं चर्चासत्रात एवढं नेमकं बोलत नाहीत, असं मी नवऱ्याला सांगितल्याचंही आठवतं. आता त्या कौतुकाचा राग येतो.

तर आमच्या भागात तेव्हा दोन मोठी माणसं होती. एकाला सगळे 'साहेब' म्हणत आणि दुसऱ्याला 'भाऊ'. गावची सोसायटी असो, बाजार समिती असो, शाळेचं गॅदरिंग असो, एक पॅनल साहेबांचं आणि एक भाऊंचं. दोघांनी एकमेकांच्या अंगाला कधी बोट लावलं नाही. समोर आले की हसून नमस्कार करायचे. मारामाऱ्या व्हायच्या त्या खाली, आमच्यासारख्यांच्या वस्त्यांवर. भाऊंच्या नावाचा एक घोटाळा असा, की आमच्या घरात आधीच एक भाऊ होता. धाकटे 'भाऊ' म्हणाले की कोणता भाऊ, हे पुढच्या क्रियापदावरून ओळखावं लागे. 'भाऊ आला' म्हणजे माझे सासरे. 'भाऊ आले' म्हणजे पांढरी गाडी, मागे आणखी गाड्या आणि आमच्या कोंबड्यांची पळापळ.

त्या वर्षी सोसायटीची निवडणूक आणि नांगरट एकाच वेळी आली. धाकट्यांनी भाड्याचा ट्रॅक्टर लावला. ड्रायव्हर नवा होता, कानात वायरी घालून गाणी ऐकत होता. त्याच्या नांगरानं वीतभर बांध खाल्ला. एरवी हे प्रकरण चहापर्यंत पोचलं असतं. पण त्याच दिवशी साहेबांचे कार्यकर्ते मतं मागायला आमच्या पडवीत बसलेले होते. त्यांनी थोरल्यांचा आवाज ऐकला आणि त्यांच्यातला एकजण म्हणाला, 'तुम्ही एकटे न्हाई. साहेब हायेत.'

एवढंच. थोरल्यांची छाती फुगलेली मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली. आठवडा उलटायच्या आत सिमेंटचे खांब आणि काटेरी तारेची भेंडोळी आली. बांधाच्या कडेनं आमच्या बाजूनं तारेचं कुंपण उभं राहिलं. 'बचावासाठी हाय,' थोरले म्हणाले. 'आपन कुनाच्यात घुसत न्हाई.'

धाकट्यांना ती तार बचावाची दिसली नाही. समोरून बघणाऱ्याला ती कधीच तशी दिसत नाही. ते थेट भाऊंच्या कार्यालयात गेले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, आमच्याकडे भाऊंनी जेसीबी धाडला. त्या जेसीबीनं विहिरीकडे जाणाऱ्या सामाईक वाटेत आडवा चर खणला. वाट धाकट्यांच्या जमिनीच्या गटातून जाते, असं त्यांना आता आठवलं होतं. जेसीबीचा ड्रायव्हर जाताना मला म्हणाला, 'ताई, पानी मिळंल का?' शत्रुपक्षाच्या माणसाला मी तांब्या भरून दिला, कारण ऊन फार होतं.

आता खरं सांगायचं तर साहेबांनी किंवा भाऊंनी आमचं भांडण लावलं नाही. ते आमचंच होतं, अस्सल घरचं, पिढीजात. त्यांनी फक्त ते परवडण्याजोगं केलं. स्वतःच्या पैशानं तार घ्यायची असती तर थोरल्यांनी आधी भाव विचारला असता आणि मग म्हणाले असते, 'जाऊ दे, वीतभर तर हाय.' आणि आमचे म्हातारेही काही भोळे नव्हते. साहेबांचा माणूस टाळाटाळ करायला लागला, तेव्हा थोरले फोनवर म्हणाले, 'आसू द्या, न्हाई जमलं तरी. लोक म्हनतील ह्या वस्तीवरची साहेबांची पकड सुटली, तेवडंच.' खांब दुसऱ्या दिवशी हजर. तिकडे धाकट्यांनी हाच डाव भाऊंवर टाकला असणार, भाऊच आहेत शेवटी एकमेकांचे. मोठे लहानांना वापरतात असं आपण पोरांना शिकवतो. लहानही मोठ्यांना कसे ओढून आणतात, ते पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलंय.

मग मी म्हटलं, सरकारी मोजणी करून घ्या, बांध कुठं ते कागदावर येईल. थोरल्यांनी मोजणी आणली तर भाऊंकडून फोन जायचा आणि मोजणीवाले अर्ध्या रस्त्यातून परत. धाकट्यांनी आणली तर साहेबांकडून फोन. नकाराधिकार म्हणजे काय, हे त्या वर्षी माझ्या वर्गाला एका तासात समजलं.

आमच्या घरात अलिप्ततावादी एकच, माझा नवरा. सकाळी इकडे चहा, दुपारी तिकडे चहा. दोन्हीकडे म्हणायचा, 'तुमचंही बरोबर आहे.' मी चिडून विचारलं, 'तुझं स्वतःचं काय मत?' तर म्हणाला, 'मला दोन्हीकडचा चहा आवडतो.' त्याच्यावर मी जेवढी चिडले तेवढी जेसीबीवरही चिडले नव्हते.

खरं राजकारण चालवलं ते दोन बायकांनी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, आणि त्यांची धाकटी जाऊ. तारेला एका जागी शेळी घुसून भोक पडलं होतं. थोरल्यांनी दोनदा ते बुजवलं आणि दोनदा ते परत पडलं. शेळीचं कसब वाखाणण्यासारखं होतं. त्या भोकातून सकाळी विरजणाची वाटी इकडे यायची आणि संध्याकाळी कढीपत्ता तिकडे जायचा. एकदा थोरले दही खाताना म्हणाले, 'दही ग्वाड लागतंय आज.' आत्या म्हणाल्या, 'म्हशीला इचारा.' विरजण तिकडचं होतं. मी ताटाकडे बघून हसू दाबलं.

पण हसू कमी कमी होत गेलं. एक दिवस दोघं भाऊ तारेच्या दोन बाजूंना समोरासमोर आले. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. मला वाटलं आता शिव्या. धाकटे घसा खाकरून म्हणाले, 'तुमची म्हैस आमच्या गवतात येती. तुमी तिला बांधा.' थोरल्यांचा चेहरा पडला. मग तेही म्हणाले, 'बांधतो. तुमी काळजी करू नका.' आणि दोघं आपापल्या घरी गेले. हातातली ओली साडी तशीच धरून मी उभी राहिले. जन्मभर 'ए भाऊ' म्हणणारा माणूस 'तुमी' म्हणाला होता. मला रडू आलं. मला बांधाचं काही नव्हतं, ना विहिरीचं. मला एकच भीती होती, की हे दोघं असेच 'तुमी-तुमी' करत एक दिवस जातील, आणि मागे राहिलेला बांधावर बसून टीव्हीवरच्या युद्धाबद्दल कुणाशी बोलणार?

त्या वर्षी परीक्षेत मी प्रश्न घातला, महासत्तांमधील शीतयुद्ध स्पष्ट करा. एका मुलीनं लिहिलं, 'शीतयुद्ध म्हणजे दोन मोठ्या बागायतदारांनी आपल्या उसाचं पान न मोडता तिसऱ्याच्या रानात बैल झुंजवणे. बैलांना वाटते आपण आपल्यासाठी झुंजतो.' मी पूर्ण गुण दिले. सहकारी म्हणाले, व्याख्येत ग्रंथाचा आधार नाही. मी म्हटलं, आधार आहे, आमच्या वस्तीवर या, दाखवते.

मग एक दिवस पत्रिका आली. एकच पत्रिका, दोन्ही घरांना. साहेबांची मुलगी आणि भाऊंचा मुलगा. चि.सौ.कां. आणि चि. यांच्या नावांच्या मध्ये सोनेरी गणपती. पॅनलं बाजूला पडली, सोयरीक झाली. आपल्या जिल्ह्यात कोण कोणाचा सोयरा निघेल ते सांगता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, फक्त भांडताना आठवत नाही. थोरले पत्रिका उलटीसुलटी करून बघत होते. 'छापायला चूक झाली आसंल,' ते म्हणाले.

लग्नाला दोघांनाही जायचंच होतं. जीप एकच, अलिप्त राष्ट्राची. थोरले पुढे, धाकटे मागे, मध्ये आम्ही बायका. मांडवात भाऊ आणि साहेब एका सोफ्यावर बसले होते आणि एकमेकांना जिलेबी भरवत होते. ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी 'दोन घराण्यांचा ऐतिहासिक संगम' असं काहीसं म्हणालं. टाळ्या वाजल्या. थोरले एका कूलरसमोर बसून ते बघत होते, धाकटे दुसऱ्या कूलरसमोर. आत्या माझ्या कानात म्हणाल्या, 'आता तरी ह्यास्नी लाज वाटंल.'

वाटली नाही. ही गोष्ट मला वर्गात कधी नीट समजावता आलेली नाही. वरच्यांचं मिटलं की खालच्यांचंही मिटावं, असा आपला हिशोब. पण घरी परतताना जीप चराशी थांबली. पुढे तार. सगळे उतरलो. थोरले कुणाकडेच न बघता म्हणाले, 'आता ह्या तारेचं काय करायचं?'

'तार तुमची हाय,' धाकटे म्हणाले. 'तुमी बघा.'

'चर तुमचा हाय. आधी तुमी बुजवा.'

साहेबांच्या कार्यालयात नवऱ्यानं फोन केला, की आता संबंध जुळलेत तर तार काढायला माणसं द्या. तिकडून उत्तर आलं, 'तो विषय आता नको. आतलं प्रकरण आहे तुमचं.' भाऊंकडे जेसीबी मागितला तर तो लग्नाच्या मांडवाची जागा सपाट करायला गेलेला होता, तो तिथंच राहिला. भांडायला सगळं फुकट आलं होतं. मिटवायला कुणी फावडंही दिलं नाही. मी पाटाच्या कडेला उभी राहून दोघा नेत्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, एकेरीत.

असा उन्हाळा आला. रविवार होता म्हणून मी घरी होते. आत्या अंगणात कुरडया घालत होत्या, मी सोऱ्या दाबत होते, थोरले बाजेवर पेपर वाचत होते. तिकडे धाकट्यांची मोटार पाणी ओढेना. मोटारीच्या पाइपाच्या तळाशी पाण्यात एक झडप असते, तिला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. फुटबॉलमध्ये कचरा अडकला असेल म्हणून धाकटे विहिरीच्या पायऱ्या उतरून खाली गेले. शेवाळावरून पाय घसरला. ते पडले खालच्या पायरीवर, घोटा मोडला आणि खिशातला मोबाईल पाण्यात गेला.

आम्हाला वर एवढंच ऐकू आलं, विहिरीतून घुमणारं, 'भाऊऽऽऽ!'

तिकडच्या अंगणात धाकट्यांचा मुलगा, माझा चुलत दीर, उभा होता. गेलं वर्षभर त्या घरात कसलीही अडचण आली की एकच उपाय, भाऊंना फोन. त्यानं विहिरीत वाकूनही बघितलं नाही. मोबाईल काढला, रेंजसाठी कट्ट्यावर चढला आणि भाऊंच्या कार्यालयाला फोन लावला. 'बाबा इहिरीत पडलेत! भाऊंना बोलवतायत!' तिकडच्या माणसानं विचारलं असावं, कुठला गट, कुठलं गाव, कारण दीर गट नंबर सांगायला लागला. मग तो आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, 'भाऊ शिर्डीत बैठकीत हायेत. माणूस पाठवतो म्हनले. तवर इहिरीचा फोटो टाका म्हनले!'

इकडे थोरल्यांनी पेपर खाली ठेवला होता. पण उठले नाहीत. तोंड वाकडं करून म्हणाले, 'बघा. इहिरीत पडला तरी भाऊचाच जप. मार म्हना हाका. येईल पांढरी गाडी घेऊन.'

'भाऊऽऽऽ!' पुन्हा आलं. मागून आणखी काहीतरी शब्द होते, ते विहिरीच्या घुमण्यात विरले.

मी सोऱ्या टाकून उठले. पण आत्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कुरडईचा चीक कोपरापर्यंत लागलेला तो हात मला अजून दिसतो. त्या थोरल्यांना म्हणाल्या, 'अवं, नीट ऐका. त्यो 'या' म्हनतोय का 'ये' म्हनतोय?'

आम्ही सगळे श्वास रोखून ऐकायला लागलो. शेळीसुद्धा रवंथ थांबवून उभी होती, असं मला वाटलं. आणि विहिरीतून, रडका, चिडका, स्वच्छ आवाज आला, 'ए भाऊऽऽ! ये की रं लौकर!'

'त्या गाडीतल्या भाऊला कोन 'ये की रं' म्हनतं का?' आत्या ओरडल्या. 'उठा!'

'उठा' ऐकायची वाट थोरल्यांनी बघितलीच नाही. त्या वयात त्यांना तसं पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. आडवी आली ती त्यांचीच तार. शेळीच्या भोकातून त्यांनी डोकं घातलं, खांदे घातले आणि धोतर साहेबांच्या काट्यांना अडकलं. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. धोतर तिथंच फडफडत राहिलं आणि थोरले पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर पुढे गेले. मग भाऊंचा चर. त्यात ते घसरत उतरले आणि हातापायांवर पलीकडे चढले. मी आणि नवरा मागोमाग. अलिप्त राष्ट्र त्या दिवशी पहिल्यांदा कुठल्या तरी बाजूला पळालं.

मी विहिरीच्या काठावरून खाली बघितलं. धाकटे पायरीवर पाय धरून बसलेले, थोरले शेजारी टेकलेले. खालचं सगळं वर घुमून ऐकू येत होतं.

'कुठं लागलं?'

'पाय.' मग धाकट्यांना एकदम आठवण झाली असावी की आपलं युद्ध चालू आहे. 'तुमी कशाला आलात?'

'परत 'तुमी' म्हनलास तर दुसरा पाय मी मोडीन.'

धाकट्यांनी भावाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, 'भाऊ.'

'काय?'

'तुजं धोतर कुठंय?'

'माज्याच तारेला.'

आणि विहिरीतून दोन म्हाताऱ्यांचं हसणं वर आलं. मोडक्या पायामुळे एकाचं हसणं मध्येच 'आई गं' व्हायचं आणि परत सुरू व्हायचं. माझ्या शेजारी दोन्ही जावा उभ्या होत्या, एक चिकानं माखलेली, एक भांडी घासायच्या राखेनं. दोघी पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

बाज आणली, दोर बांधले, धाकट्यांना वर काढलं. जीप विहिरीपर्यंत येईना, कारण चर. म्हणून बाज खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालत जावं लागलं. पुढचा खांदा थोरल्यांनी कुणाला दिला नाही. रस्ताभर दोघांचं चालू होतं. 'बांधाचं काय?' 'मर तिकडं बांध. हलू नको, माकडा.' 'माकड कुनाला म्हनतो? तूच चड्डीवर हायेस.' इतक्या दिवसांनी कानावर आलेल्या त्या शिव्या ऐकून मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो. धाकट्यांच्या पायाला प्लास्टर, थोरले खाटेच्या मागे स्टुलावर बसून भावासाठी आणलेली मोसंबी सोलून स्वतःच खात होते. तेवढ्यात दारात गर्दी झाली. भाऊ आले. बरोबर साहेबही होते, नवे व्याही, एकाच गाडीतून. दोघांच्या हातांत मिळून एक पुष्पगुच्छ. फोटो काढणारा आधीच आत शिरलेला.

'निरोप मिळाला तसा निघालो,' भाऊ म्हणाले आणि खाटेशेजारी येऊन धाकट्यांचा हात हातात घेतला. 'काही काळजी करायची नाही. भाऊ आहे तुमच्या पाठीशी.'

धाकट्यांनी मान वळवून मागे बघितलं. 'व्हय,' ते म्हणाले. 'हाय की.'

भाऊंना भरून आलं. त्यांनी धाकट्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि त्याच क्षणी फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'संकटात धावून येतो तो भाऊ.' मी तो फोटो वर्गात दाखवते. त्या ओळीत खोटं काहीच नाही. फक्त धावून आलेला भाऊ मागे स्टुलावर बसलाय आणि त्याच्या तोंडात मोसंबी आहे.